टेबल नंबर सात

कारखानीस, करमरकर, कसबेकर, कीर्तने.
इंग्रजी अक्षरांच्या कृपेनं झालेली ही ओळख,
मिरजेला, चौसष्ट साली,
एका थंडगार टेबलाच्या चार बाजूंना.
टेबलावर पाचवा. त्याचं आडनाव कुणालाच माहीत नव्हतं.
डाव्या हातावर मात्र गोंदलेलं होतं, हौसा.

कारखानीस सुरी उचलण्याआधी
कुणी बघत नाही असं बघून नमस्कार करायचा.
आम्ही बघायचो.
उजवा हात त्यांच्या वाट्याला, डावा माझ्या आणि कीर्तनेच्या,
आणि दुपारी डब्यातल्या लसणीच्या चटणीलाही
फॉर्मॅलिनचा वास.

करमरकर गेला त्याला दोन वर्षं झाली.
उरलेले तिघे दर रविवारी चारला फोनवर,
डंडी, शेफील्ड आणि इथे ग्रिम्सबीत मी.
तेव्हा परक्या देहावर पाठ केलेलं
आता आपापल्या देहावरून म्हणून दाखवतो.
कीर्तनेचा गुडघा.
माझ्या मनगटातली ती नस,
तोंडी परीक्षेत जिचं नाव मला आठवलं नव्हतं,
आता रात्री तीनला उठवून स्वतःच सांगते.
ऐकू कीर्तनेला येत नाही
आणि ओरडतो तो आमच्यावर.

दोघंही मला कसबेकर म्हणतात.
लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली.
दवाखान्याच्या पाटीवर, पेन्शनच्या कागदांवर,
मुलांच्या नावांपुढे मी दुसरीच कुणीतरी.
माहेरचं आता कुणी नाही.
ते आडनाव जगात दोनच तोंडांत शिल्लक आहे,
त्यातल्या एकात कवळी.

मार्चमध्ये कारखानीस म्हणाला,
कसबेकर, एक सही हवी होती तुझी.
देहदानाचा फॉर्म. साक्षीदार लागतो.
पोस्टानं पाठव म्हटलं असतं, पण गाडी पकडली.
डॉनकास्टरपर्यंत गारा.
स्टेशनवर हा टाय लावून उभा,
तोंडी परीक्षेला निघाल्यासारखा.

मॉरीन गेल्यापासून घरात एकच खुर्ची वापरातली.
दुसरीवरची वर्तमानपत्रं उचलून त्यानं मला बसवलं,
फ्रोझन मटार घालून उपमा केला, मीठ विसरला,
आणि शोकेस दाखवावी तसा स्वतःला दाखवत सुटला.
इथे बायपास, इथे स्टीलचा खुबा.
पित्ताशय नाहीच, ब्याण्णव सालीच काढलं.
"एखादी पोरगी शोधत बसेल बिचारी,
तिला वाटेल आपलंच चुकतंय."
मी म्हणाले, गोंदण नाही रे एकही.
तो हसला नाही.
उपम्यात चमचा फिरवत राहिला.
"हौसाला कुणी कळवलं असेल का गं?"

साठ वर्षांत हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

मग सही केली. त्यानं पेन दिलं, मनगट दुखत होतं,
एका दमात केली.
परतताना गाडीत कीर्तनेचा फोन,
झाली का सही, एवढं ओरडून
की समोरच्या बाईनं विणकाम थांबवलं.
झाली, म्हटलं. बाकीचं सांगितलं नाही.

रात्री कारखानीसचा फोन.
"बाईसाहेब, ही व्ही. कसबेकर कोण?
पासपोर्टवर नाही, मतदार यादीत नाही.
युनिव्हर्सिटीला मी काय सांगू?"

सगळा फॉर्म बाद.
नवा मागवायचा, पोस्टानं यायचा,
पुन्हा गाडी, पुन्हा सही, या वेळी नवऱ्याच्या आडनावानं.
तोवर मरू नकोस, मी म्हटलं.
"छे, कसा मरणार?" तो म्हणाला, "कागद अपुरे आहेत."

त्यानंतरच्या रविवारी चारला फोन झाला,
त्याच्या पुढच्याही.
गुडघ्याचं निघालं, डंडीतल्या थंडीचं निघालं,
मटार कुठे स्वस्त मिळतात तेही.
नवा फॉर्म आला का,
हे मी विचारलं नाही,
आणि त्यानंही काढलं नाही.